गाण्यात शिरलेला भोंगा

काल पांढुर्ण्यात एका वरातीत आमच्या धुमाल पार्टीचा, म्हणजे वरातीत वाजवणाऱ्या बँडचा, जुना अल्बम नव्या रिमिक्समध्ये वाजला. शेजारी कुणी संत्रं सोललं, आणि त्या वासासरशी मी तिगावच्या गोदामात पोहोचलो.

संत्री भरायचं ते रिकामं गोदाम हाच आमचा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना कापसाच्या गाद्या टांगलेल्या. विनोदभाऊ कीबोर्डवर, मी ड्रमच्या पॅडवर. शेवटचं गाणं रंगात आलं आणि बाहेर मालगाडीचा भोंगा वाजला. सगळं वाया गेलं म्हणून मी हात उचलले.

"थांबू नको बे! गाडी आपल्याच सुरात येऊन राहिली!" विनोदभाऊ ओरडले, आणि कीबोर्डवर तोच सूर पकडून त्यांनी भोंग्याला गाण्यात ओढून घेतलं. काय कान होता त्या माणसाचा!

कॅसेट आली तेव्हा भोंगा आणि त्यात टेप झालेली विनोदभाऊंची ती हाक ऐकून लोक हसायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

रिमिक्स विनोदभाऊंच्या मुलीनं केलंय. माझा पॅड तिनं जवळपास काढूनच टाकला. भोंगा आणि बापाची हाक मात्र ठेवली. काल भोंगा येताच नाचणारे सगळे थबकले, हात वर झाले, आणि नवरदेवासकट सगळी वरात विनोदभाऊंच्या आवाजात आवाज मिसळून ओरडली, "थांबू नको बे!"