मुरुमच्या वाटेवरचा पोकळ ठिपका

धाराशिवच्या कचेरीत मी नकाशे काढतो. यंदा जिल्ह्याच्या पावसाचा नकाशा माझ्या गळ्यात पडला. गावोगावच्या पर्जन्यमापकांचे आकडे ठिपक्यांवर मांडायचे आणि सारख्या पावसाची ठिकाणं रेघेनं जोडायची. रेघा छान वळत होत्या, पण मुरुमच्या अलीकडं एका ठिपक्यानं सगळा घोळ घातला. तिथं पाऊस कायम पाव, अर्धा नाहीतर पुरा इंच! अधलामधला कधीच नाही.

"घर में बैठ के लिखता है वो," साहेब म्हणाले. "जाके देखो, और काट डालो."

ठिपका खोडला तर तो कोपरा कोराच राहणार. चार महिने खपून काढलेल्या नकाशाला भोक! माझ्या अगदी जिवावर आलं. तरी पावसाचं पाणी मोजायची नवी बाटली सोबत घेतली आणि निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर सांगतो. मोटार सकाळी सुटते, निजामाच्या हाली शिक्क्याचा सव्वा रुपया पडतो. लढाईपायी पेट्रोल मिळेना, तेव्हापासून ती कोळशाच्या गॅसवर चालते. म्हणजे चढ आला की आपण चालतो. नळदुर्गला भजी खा, चहाच्या वाटेला जाऊ नका, निव्वळ गुळवणी आहे. मुरुमच्या अलीकडं उतरलं की चार मैल काळा चिखल. चपला सरळ हातात घ्या. गावाचं नाव मात्र देत नाही. का, ते पुढं कळेल.

पर्जन्यमापक बसप्पांच्या अंगणात होता. बसप्पा म्हणजे तिथले किराणा दुकानदार, पावसाचे आकडे तेच पाठवतात. "बर्री, बर्री," असं कानडीत या-या करत त्यांनी घोंगडी टाकली. मी बाटली मागितली. ते टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"फुटली," आतून त्यांच्या बायकोचा, गंगव्वाअक्कांचा आवाज आला. "माझ्या हातनं. दोन सालं झाली. ह्ये लिवायचं बंद करणार हुते, म्याच बंद करू दिलं न्हाय."

"मग आकडे कुठून आणता?"

"मातीतनं!"

माझं डोकंच फिरलं. "अहो, सरकारी नकाशा आहे! नवी बाटली का नाही मागवली?"

"मागितली आन् मापच उचलून मुरुमला न्हेलं तर?" बसप्पा हळूच म्हणाले. "आमच्या गावाचं दुसरं काय हाय सरकारच्या कागदावर?"

गावाचं नाव मी वर गाळलं, ते यापायी. अक्कांनी पुढ्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही ठेवलं. रागावून चार भाकरी खाल्ल्या.

दुपारी उत्तरा नक्षत्राची सर आली. ती ओसरल्यावर अक्का खुरपं घेऊन शेतात, मी मागं. त्यांनी तीन जागी माती उकरली, हात घालून ओल बोटांनी मोजली. बाटली शाबूत होती तेव्हा कितीतरी वर्षं त्यांनी दोन्ही मापं ताडून पाहिली होती. चार बोटं ओल म्हणजे अर्धा इंच, हे तेव्हाच ठरलेलं.

"तीन बोटं," त्या म्हणाल्या. "अर्ध्याला कमी, पावाला जास्त."

अंगणात परतून मी मापकातलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं. अर्ध्याला कमी, पावाला जास्त! मला हसू आवरेना.

"मग पाव का लिहिता?"

"पाव नक्की पडला. वरचा किती, ते दिसलं न्हाय, मग कशाला लिवायचं?"

नवी बाटली त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती पदरात धरली, जणू तान्हं मूलच.

कचेरीत साहेबांनी विचारलं, "काट दिया?" मी म्हटलं, "साहेब, मासिकात वाचलंय, ध्रुवाकडच्या बर्फात मोठमोठे विद्वान खड्डा खणतात आणि थर मोजून बर्फ किती पडलं ते ठरवतात. आपल्याकडं हे काम एक बाई खुरप्यानं करते." साहेबांनी नकाशा पुढं ओढला. मग म्हणाले, "निशान अलग रखो."

म्हणून तो ठिपका पोकळ काढला. खाली सूचीत लिहिलं: मातीत हात घालून मोजलेला पाऊस. त्या माउलीवर माझा जीव जडलाय, हे काही सूचीत लिहिता येत नाही.

परवा तिकडचा नवा कागद आला. या खेपेला दोन रकाने होते, एक बाटलीचा, एक बोटांचा. खाली बसप्पांच्या अक्षरात शेरा होता: 'घरच्यांनी चार पावसांत सरकारी बाटली तपासली. बाटली बरोबर हाय.'