बटण बंद केल्याचा ठराव

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय कुणी शिंकतसुद्धा नाही. एकाने सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग सेक्रेटरीने, म्हणजे मी, ते इतिवृत्तात लिहायचं. सात वर्षं लिहितोय. हे पद दुसरं कुणी घेत नाही म्हणून माझ्याकडे आहे, लायकीचा प्रश्नच नाही.

त्या रविवारी सकाळी वार्षिक सभा होती आणि ऑफिसातला कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गरगर फिरायचे, मध्येच पडदा निळा व्हायचा, परत ठिपके. सभासदांची यादी, अहवाल, सगळं त्याच्या पोटात. आदल्या संध्याकाळी मी त्याचा अपडेट लावला होता. सकाळी बघतो तर भिंतीवरचं बटण बंद! अपडेट अर्ध्यावर असतानाच कुणीतरी वीज तोडलेली.

"कुणीतरी म्हणजे कोण?" अध्यक्ष गरजले. ते निवृत्त सरकारी अधिकारी, आवाज मात्र अजून नोकरीत आहे. "किल्ली दोघांकडेच. सेक्रेटरी आणि वॉचमन. सेक्रेटरी तर असं करणार नाहीत."

मी मान हलवली. खरंच वाटत होतं की मी नाही.

राहिला वॉचमन. पन्नाशीचा, नेरे गावाकडचा, तळोज्याच्या कारखान्यातलं काम सुटल्यावर आमच्याकडे लागलेला, घरात कमावणारा एकटाच. "आमी नाय हात लावला, साहेब," तो म्हणाला. "आमाला त्यातलं काय कलत नाय."

"कळत नाही म्हणूनच बंद केलंस!" अध्यक्षांनी त्याला काढण्याचा विषय ऐनवेळच्या विषयांत घ्यायला सांगितला. मी मुकाट्याने लिहून घेतला.

आधी कॉम्प्युटर. पडदा विचारत होता, अर्धवट अपडेट काढून टाकू, की सगळंच पुसून नव्याने सुरुवात करू? झालं! तळमजल्यावरचे काका म्हणाले, सगळं पुसा, जुनी भांडणं तरी जातील. याला तर लगेच दोन अनुमोदक मिळाले. शेवटी पाच विरुद्ध तीन मतांनी 'अर्धवट अपडेट काढून टाकण्यात यावा' असा ठराव झाला. अध्यक्षांनी कीबोर्डवर बोट ठेवलं, फोटोसाठी क्षणभर थांबले आणि दाबलं. 'कृपया थांबा' असं आलं. किती वेळ, ते काही सांगेना.

तेवढ्यात कुणीतरी डोकी मोजली आणि गणपूर्तीच झाली नसल्याचं लक्षात आलं. म्हणजे ठराव बेकायदा! नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करायची. नंतर कितीही माणसं असली तरी चालतं.

"आणि हे दाबलंय त्याचं काय?" मी विचारलं.

"तेही तहकूब," अध्यक्ष म्हणाले आणि सगळे वडापाव खायला गेले.

सगळ्यांत शेवटी मी निघालो. दारापाशी पोचतोय तोच हातावर फटका बसला.

"अहो! काय करताय?"

बायको होती, मला वडापावला बोलवायला परत आलेली. माझं बोट भिंतीवरच्या बटणावर होतं आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. खोलीतून निघताना बटण बंद करायची माझी वर्षानुवर्षांची खोड. मिक्सर मी अर्ध्या चटणीत बंद केलाय, गीझर तिच्या डोक्याला शाम्पू असताना. आणि काल संध्याकाळी या ऑफिसातून शेवटचा मीच निघालो होतो.

एका माणसाची नोकरी जाईल असा विषय मी स्वतः, वळणदार अक्षरात, लिहून ठेवला होता. लाज वाटली. आणि खरं सांगतो, लाज वाटत असतानाच गप्प बसावं असंही वाटलं. बायकोने माझा हात धरून मला बाहेर नेलं.

अर्ध्या तासाने येऊन बघतो तर कॉम्प्युटर सुरू! कुणी लुडबुड केली नाही म्हणून बिचारा आपला आपणच सावरला होता. टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी वॉचमनचा विषय पुकारला. तो टोपी हातात घेऊन दारात उभा होता.

मी उठलो. "बटण मी बंद केलं."

"हा ठराव समजायचा का?" अध्यक्ष म्हणाले. "मग अनुमोदक कोण?"

एकही हात वर होईना. मला वाटलं, माझी दया येतेय. दया कसली! मी दोषी ठरलो तर राजीनामा द्यावा लागेल, आणि मग सेक्रेटरी कोण होणार, ही धास्ती प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेली. तळमजल्यावरचे काका तर छताकडे बघत होते.

"अनुमोदक नाही, सबब कबुली फेटाळली," अध्यक्ष हुश्श करत म्हणाले. "आता वॉचमनला—"

"माझं अनुमोदन!" मागून बायको उभी राहिली. फ्लॅट दोघांच्या नावावर, त्यामुळे तीही सभासद. "आत्तासुद्धा बंद करत होते, मी हात पकडला म्हणून वाचलं. पुरावा हवा तर मिक्सर आणते घरून."

ठराव मंजूर झाला. वॉचमन कामावर राहिला. मी राजीनामा दिला, तो कुणी हातात घेतला नाही. फक्त ऑफिसच्या बटणाचा ताबा सर्वानुमते वॉचमनकडे देण्यात आला.

सभा संपल्यावर मी त्याच्याकडे गेलो. "चुकलो हो मामा," म्हणालो. त्याने नुसती मान हलवली. मी कागद आवरले आणि दाराकडे वळलो.

"साहेब," तो मागून म्हणाला, "हात खिशात."