अप्पांच्या कॉम्प्युटरवरचं जास्तीचं बटण

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं वाटत नाही. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. एरर आली की तिला कारण असतंच, या खात्रीवर माझं पोट चालतं. तरी सांगते... हसायचं तर हसा.

माझे सासरे, अप्पा, निफाडजवळ मळ्यात राहतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. लिहायला घेतलं तर हात थरथरतो. म्हणून माझ्या नवऱ्याने, समीरने, त्यांच्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटं अ‍ॅप केलं होतं — स्क्रीनवरचं बटण माउसने दाबलं की समीरच्या आवाजात 'पाणी द्या', 'कूस बदलायचीय', 'किरणला बोलवा'. किरण म्हणजे माझा दीर. मळ्यातल्या कुत्र्याच्या नावाचंही बटण होतं. माझ्या नावाचं नव्हतं. आमचं लग्न अप्पांना मान्य नव्हतं. आवाज होता तेव्हाही ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. "अप्पा दाबणार नाहीत गं, उगाच कशाला," समीर म्हणाला होता. मी हसण्यावारी नेलं, पण लागलं होतं.

समीर गेल्या वर्षी अपघातात गेला. या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून अप्पांचा कॉम्प्युटर जळाला आणि ते दुसऱ्यांदा मुके झाले. तेव्हा बरी सगळ्यांना माझी आठवण झाली.

समीरचा कोड माझ्या लॅपटॉपवर होता. मळ्यात इंटरनेट धड नाही, म्हणून सगळं एका एक्झी फाइलमध्ये, म्हणजे इंटरनेटशिवाय एकटीच चालणाऱ्या फाइलमध्ये, बांधून नेलं. नव्या कॉम्प्युटरवर उघडलं तर एरर — पाण्याचं मॉड्यूल सापडत नाही. यात भुताटकी काही नाही. समीरने प्रत्येक बटणाचं मॉड्यूल, म्हणजे कोडची छोटी फाइल, वेगळं ठेवलं होतं आणि प्रोग्रॅम चालू झाल्यावर नाव जुळवून ते मागवलं जायचं. एक्झी बांधणारं टूल मात्र कोडमध्ये उघड लिहिलेलीच नावं सोबत घेतं. बाकीची आपल्याला सांगावी लागतात. मी अप्पांच्या पलंगाशेजारी बसून मॉड्यूलचा अख्खा फोल्डर टूलच्या यादीत घातला आणि एक्झी पुन्हा बांधली.

किरण दारात उभा होता. "दादाचं कसं लगेच चालू व्हायचं, वहिनी. जमत नसंल तर राहू द्या. लय वेळ झाला, अप्पा ताटकळलेत."

आता एकच एरर उरली. मॉड्यूल सापडत नाही — 'माधू'.

माझं नाव माधुरी. माधू फक्त समीर म्हणायचा, तेही आमच्या खोलीत. अप्पांसमोर त्याने मला कधी नावाने हाक मारली नाही. अख्खा कोड शोधला, हा शब्द कुठेच नाही. फोल्डरमध्ये अशी फाइलही नाही. काही न बदलता तीच एक्झी पुन्हा चालू केली... आणि ती उघडली. सगळी बटणं आली, शेवटी एक जास्तीचं. वर काही लिहिलेलं नव्हतं.

मी ते दाबलं.

"माधू... ये ना जरा, बस इथे." समीर. या घरात तो ज्या आवाजात कधीच बोलला नाही, त्या आवाजात.

"हे कधी रेकॉर्ड केलं दादानं?" किरणने विचारलं.

"केलंच नव्हतं."

अप्पांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नाशिकला परत येऊन तीच एक्झी माझ्या लॅपटॉपवर उघडली. ते बटण नाही. आतल्या फाइली उलगडून पाहिल्या, तिथेही नाही. अप्पांच्या कॉम्प्युटरवर मात्र आजही आहे.

दर रविवारी मी जाते. मला बोलवायचं तर अप्पा अजून काठी आपटतात. पण किरण सांगतो, मी बसने निघाले की त्यांच्या खोलीतून दुपारभर तेच ऐकू येतं. परवा म्हणाला, "वहिनी, अप्पांना तुमची आठवण येती." माझी कसली आठवण! त्यांना प्रेमाने बोलणारा मुलगा ऐकायचा असतो, आणि त्यासाठी माझं नाव सोसावं लागतं.

ते बटण आलं कुठून, मला अजून कळलेलं नाही. समीरची माझ्यासाठीची तेवढीच एक हाक उरली आहे. मी खोलीत पाऊल टाकलं की अप्पा माउस उशीखाली सरकवतात.