लेबलावर न लिहिलेलं माप

रफीकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि मी दूध मोजून घेत होतो. आमच्या घरी दूध अजूनही मी स्वतः उभा राहून मोजून घेतो, बायको हसते तरी. फोनवर त्यांचे मेहुणे होते. "भाई गुजर गए," एवढंच म्हणाले... पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बावीस वर्षं मी ज्या माणसाच्या शेजारच्या खोलीत बसलो, त्याच्या जाण्यावर माझं पहिलं वाक्य काय होतं? "टेपच्या कपाटाची किल्ली कुठे आहे?" मेहुणे म्हणाले, "कुर्ते की जेब में है, साब. भेजतूं." मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. ती वाटायला पुढे सहा आठवडे लागले.

मी नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेत परीक्षा विभागाचा अधीक्षक आहे. बाहीतली चिठ्ठी, बुटातली चिठ्ठी, पाण्याच्या बाटलीवरच्या कागदाच्या आतल्या बाजूला लिहिलेली अख्खी प्रमेयं... हे सगळं पकडण्यात आयुष्य गेलं. अशा माणसाला संशय हा दुर्गुण वाटत नाही, तो त्याचा पगारी धंदा होतो. रफीकभाई आमचा सर्व्हर सांभाळायचे. लिनक्सवर चालणारं ते यंत्र त्यांनीच उभं केलेलं. प्रत्येक विद्यार्थ्याची गुणपत्रिका त्याच्या नावाच्या फाइलीत, आणि त्या सगळ्याची एक प्रत दर महिन्याला टेपवर. टेप म्हणजे तळहातावर मावणारी काळी डबी, आत गुंडाळलेली फीत. अख्खी संस्था अशा एकेका डबीत मावते हे मला कधी खरं वाटलं नाही. उर्दू शाळेत शिकलेल्या रफीकभाईंचं मराठी अक्षर म्हणजे मुंग्या शाईत बुडवून कागदावर सोडलेल्या. म्हणून डब्यांवरची लेबलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे. हे मी सांगत नाही, संस्थेची मानपत्रं तीस वर्षं मीच लिहितो आहे.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी रफीकभाई ताजी टेप रुमालात बांधायचे आणि एसटीनं लातूरला जायचे. तिथं आमचं दुसरं कॉलेज आहे आणि तिथंही तसलंच टेपचं यंत्र आहे. पण टेप वाचायला एवढं सव्वाशे-दीडशे किलोमीटर कोण जातं? लातूरच्या कार्यालयात वनमालाबाई नावाच्या एक विधवा बाई काम करायच्या, आणि आमच्या स्टाफरूममध्ये त्या दोन गोष्टींची सांगड कधीच घातली गेली होती. मी त्यात बोलत नसे, पण ऐकत असे. एकदा मी सरळच विचारलं, "रफीकभाई, इथं लिहिलेलं इथं वाचता येत नाही का?"

"येतंय की," ते म्हणाले. "पण दिगंबरराव, इथल्या मशीननं लिहायचं आन् इथल्याच मशीननं वाचायचं म्हंजे चोरानंच पंचनामा केल्यावाणी झालं. दुसऱ्या गावच्या मशीननं वाचलं तर खरं. मी लिहिलेल्या टेपवर भरोसा ठेवत न्हाई, वाचलेल्या टेपवर ठेवतो."

मला ते उत्तर पटलं होतं. पटलं म्हणूनच जास्त संशय आला. खरा माणूस इतका तयार जबाब देत नाही, असा माझा अनुभव.

त्यांचे वडील धर्माबादच्या मोंढ्यात मापाडी होते. मिरची, धान्य, जे येईल ते मापून द्यायचं. त्यामुळे रफीकभाईंच्या बोलण्यात सतत माप यायचं. दीड-दोन वर्षांपूर्वी टेप लिहायला फार वेळ लागायला लागला होता. यंत्र घरघर करायचं, थांबायचं, मागं जायचं, पुन्हा घरघर. खोलीला कुलूप लावायची जबाबदारी माझी, त्यामुळे त्यांच्यापायी मला रात्रीचे आठ-आठ वाजायचे. मी चिडून म्हणालो, "तुमच्या या टेपपायी माझं जेवण दर महिन्याला गार होतं." दुसऱ्या दिवशी ते आले आणि म्हणाले, "चूक आपलीच हाय. चिपट्यानं पोतं भरायलो आपण, कधी भरंल? माप मोठं केलं." त्या दिवसापासून टेप पाचच्या आत संपायला लागली. मी खूश झालो आणि तो विषय विसरून गेलो. त्याच महिन्यात त्यांची बढती हुकली, हे मात्र मी विसरलो नाही. सचिवांच्या दालनातून ते बाहेर आले तेव्हा मी दारातच होतो. ते हसले आणि आपल्या खोलीत गेले. ते हसणं मी मनात फाइल करून ठेवलं.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी सर्व्हर बसला. विजेचा झटका आला आणि आतल्या डिस्क एकदमच गेल्या. कुणी घाबरलं नाही, टेप होत्याच. पुण्याहून एक जाणकार माणूस बोलावला. त्यानं टेप घातली, आणि पडद्यावर उत्तर आलं, 'कॅनॉट अॅलोकेट मेमरी'. मेमरी मिळत नाही म्हणतंय तर देऊ या, म्हणून त्यानं यंत्रात मेमरी वाढवली. तेच उत्तर. आणखी वाढवली. तेच. मग काहीतरी मोड बदलून पाहिला तर 'इनपुट-आउटपुट एरर'. त्याचं सगळं आयुष्य क्लाउडवर गेलेलं, टेपचं यंत्र त्यानं आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिलं, हे त्यानं नंतर कबूल केलं. पण तेव्हा तो सचिवांसमोर म्हणाला, "जुन्या टेप उघडतात. एका ठरावीक महिन्यापासून पुढच्या एकही उघडत नाही. त्या कोऱ्या नाहीत. कुणीतरी काहीतरी केलंय."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी लेबलं वाचली, माझ्याच सुंदर अक्षरातली. महिना तोच होता, बढती हुकल्याचा. आणि ते मीच बोलून दाखवलं. दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं, मी घातलं. मग टेपच्या कपाटात एक वही सापडली, सगळी उर्दूत, आकडेसुद्धा उर्दूत. वरून वही मागच्या पानापासून सुरू झालेली, म्हणजे लपवण्यासाठी, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. उर्दू उजवीकडून लिहितात हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकदा संशय आला की ठाऊक असलेलंही आठवत नाही. वही त्यांच्या घरी दाखवू का, असं मी विचारलं तर सचिव म्हणाले, "घरचे काय खरं सांगणार?" गावात शंभर माणसं उर्दू वाचणारी, पण बाहेर बभ्रा नको म्हणून कुणालाच दाखवली नाही. सोमवारी पोलिसात तक्रार द्यायची ठरलं, विद्यार्थ्यांची कागदपत्रं जाणूनबुजून निकामी केल्याची. नाव, रफीकभाईंचं. मेलेल्या माणसाचं. सोबत माझा लेखी जबाब, की बढती नाकारल्याच्या महिन्यापासूनच्या टेप उघडत नाहीत. मी सही केली. सहीसुद्धा नीट, वळणदार केली.

शनिवारी मला लातूरला पाठवलं, रफीकभाई तिथं नेमकं काय करायचे ते बघायला. एक टेप आणि ती वही पिशवीत घेतली. वाटेत चाकूरला माझे थोरले मामा असतात. नव्वदी ओलांडली आहे. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. मी वही कुणाला दाखवणार नव्हतो, पण मामा म्हणजे काही कुणी नव्हेत, अशी मनाची समजूत घातली आणि एसटीतून उतरलो. मामांनी भिंग घेतलं आणि मी उलटी धरलेली वही आधी सरळ करून घेतली.

"अक्षर लई घाईचं हाय रे दिगू," ते म्हणाले. "पर वाचंल मी." तारीख, टेपचा नंबर, लातूरला वाचली, ठीक. तारीख, नंबर, वाचली, ठीक. पानामागून पान हेच. प्रत्येक नोंदीत एक आकडा, माप वीस. मग एका नोंदीवर मामा थांबले. "इथून माप बदललंय. पाचशे बारा. आन् पुढं काय तरी तुझंच नाव हाय." त्यांनी सावकाश वाचलं, "दिगंबरराव को बोला था, लेबल पे माप लिखना. नहीं लिखा. ख़त बहोत ख़ूबसूरत आया है, बोलने को दिल नहीं हुआ. फिर बोलूँगा." ख़त म्हणजे अक्षर, हेही त्यांनीच सांगितलं.

मग पुढच्या महिन्याची नोंद. पाचशे बारा. लातूरला वाचली, ठीक. नहीं लिखा. त्याच्या पुढचा महिना. नहीं लिखा. मामा वाचत गेले आणि मला एकेक आठवत गेलं. माप मोठं केलं त्याच दिवशी रफीकभाई लेबल घेऊन माझ्या टेबलाशी आले होते. म्हणाले होते, "खाली एका कोपऱ्यात आकडा टाका, दिगंबरराव. उद्या कुणी जुन्याच मापानं काढाय गेलं तर मशीन आडवं पडंल." आणि लेबलावर मी संस्थेचं नाव, वर्ष, परीक्षा अशा तीन ओळी मधोमध आणल्या होत्या, खाली बारीक नक्षी काढली होती. आकडा टाकला असता तर नक्षी मोडली असती. नंतर बघू, असं मी म्हणालो असणार. इतकं क्षुल्लक होतं ते, की माझ्या बाजूनं ते घडलंच नव्हतं. मामांनी विचारलं, "हे लिहिणारा कोण रे?" मी वही पिशवीत घातली. "आमच्याकडे होते," म्हणालो.

लातूरला वनमालाबाई भेटल्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात चाव्यांचा जुडगा. मी नांदेडहून आलोय म्हटल्यावर त्या आधी रडल्या. त्या रडण्यातही मी काही शोधत होतो... सवय जात नाही. "भाई यायचे, टेप घालायचे आन् शेवटचं नाव येस्तोर उठायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, अवो जेवून तरी घ्या. तर म्हणायचे, लेकरांची नावं चाललीत ताई, मधीच कसं उठू?" मी पुण्याच्या माणसाला फोन लावला आणि फक्त आकडा सांगितला. तो म्हणाला, "ब्लॉकचं माप... मोठ्या तुकड्यांत लिहिलंय आणि मी छोटं भांडं धरून बसलो होतो. मावणार कसं? नुसता पहिला तुकडा वाचून मोजला असता तरी कळलं असतं." त्यानं एक ओळ सांगितली, वनमालाबाईंनी ती टाइप केली. यंत्र जरा घुमलं आणि पडद्यावर नावं सुरू झाली. हिमायतनगरची, धर्माबादची, चाकूरची पोरं, एकाखाली एक. मी खुर्ची ओढली आणि शेवटचं नाव येईपर्यंत बसलो. जेवायचं राहिलं.

सोमवारी मी जबाब परत मागितला आणि त्या जागी दुसरा लिहून दिला, की टेपमध्ये दोष नाही, माप लेबलावर लिहायला मला सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही. सचिव म्हणाले, "सापडलं ना सगळं? मग हे कशाला लिहून देताय?" तक्रार गेली नाही. पण ती जाणार होती हे स्टाफरूमला माहीत होतं आणि ती का गेली नाही हे कुणी विचारलं नाही. माणसाचं नाव असं अर्धवट धुऊन निघतं, त्याला मी काही करू शकलो नाही.

वही द्यायला मी रफीकभाईंच्या घरी गेलो. भाभींनी ती हातात घेतली, डोळ्यांशी धरून उभ्याउभ्याच चाळली. एका पानावर त्या थांबल्या. ते तेच पान होतं की दुसरं, हे मला समोरून दिसत नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कॉपीवाल्या पोराकडे बघतो तसं, आणि मला काहीही पकडता आलं नाही. वही मिटून त्या म्हणाल्या, "बैठो भाईसाब, चाय पी के जाव." मी बसलो. चहात साखर जास्त होती, मला लागते तशी. रफीकभाईंनी कधीतरी सांगितलं असणार.

मला अजून एक शंका सोडत नाही. इतके महिने ते "नहीं लिखा" एवढंच लिहीत राहिले, बोलले का नाहीत? भिडेपोटी, की मी किती दिवस लावतो ते बघत होते? की बढतीचा राग असा, माझ्या चुकीवर बोट न ठेवता काढत होते? वाईट माणसाबद्दल सुचावं तसलं सगळं सुचतं मला. मग लक्षात येतं की ते यंत्रावर संशय घ्यायचे आणि त्यासाठी दर महिन्याला लातूरला जायचे. मी माणसावर संशय घेतला आणि शेजारच्या खोलीत उठून गेलो नाही.

आता पहिल्या शनिवारी मी लातूरला जातो. कपाटातल्या सगळ्या डब्यांवर, नक्षी खरवडून, मी माप लिहिलं आहे. एक डबी तशीच ठेवली आहे, पहिली, जिच्यावर त्यांनी मला लिहायला सांगितलं होतं. तीन ओळी मधोमध, खाली बारीक वेल, कोपरा मोकळा. अक्षर खरंच सुंदर आलं आहे. कपाट उघडलं की मी ती डबी बघतो आणि लेबल खाली करून, उलटी ठेवतो.