वारा पडला आणि वऱ्हाड अडकलं

आमच्या विश्रामबागेतल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आनंदाच्या लग्नाचे किस्से इतके साठलेत, की जे त्या लग्नाला नव्हते तेही आता पदरचे दोन-चार घालून सांगतात. मी वऱ्हाडात होतो. त्यामुळे खरे तेवढेच सांगतो, तेच पुष्कळ आहेत.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. आनंदा माझ्याबरोबरचा मास्तर, गाव कडेगाव. मुलीचे वडील मूळचे साताऱ्याकडचे, पण नोकरी कोकणात, खाडीपलीकडच्या गावात. लग्नही तिकडेच. आम्ही बंदरावर पोचलो तर लाँच निघून गेलेली. मग शिडाचा मचवा ठरवला. अर्ध्या वाटेत वारा पडला आणि मचवा चालवणाऱ्या तांडेलानं तो एका बेटाला लावून टाकला. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा!

*

आनंदाचे वडील, आबा, ऊसवाले; पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी त्यांचं रोजचं भांडण. मचव्यात त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. बेटावर उतरून समुद्राकडे नीट पाहिलं आणि भडकलेच.

"एवढं पाणी मोकळं सोडलंय, आन् पाटकरी कुठं हाय?"

मी म्हटलं, "आबा, ते खारट आहे."

"मग तर लयच वाया गेलं की."

*

तांडेल जेवून शिडाच्या सावलीत आडवा झाला होता. आबा त्याच्या उशाशी जाऊन उभे राहिले. "कवा निघायचं?"

"वारो इलो काय निघूया."

"आन् वारा कवा येनार?"

"तो काय सांगान येता?" म्हणून त्यानं कूस बदलली.

आबा माझ्याकडे वळले. "मास्तर, आमच्याकडं यस्टीबी सांगून येत न्हाई. पर भांडायला स्टँडवर एक कंट्रोलर तरी असतोय!"

*

आनंदाचे मामा आटपाडीचे, जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. त्यांची तंबाखू संपली. बेटावर एकच दुकान, आणि दुकानदार ओट्यावर झोपलेला. त्यानं डोळे न उघडता सांगितलं, "तंबाखू आसा, पण वरच्या फळीवर. सांजेक उठान, तेव्हा काढून देतंय."

मामा हात हलवत परत आले. "गड्या, ह्यो आमच्यात असता तर मेंढरं ह्येलाच चरून गेली असती."

*

सगळ्यात जास्त डोकं फिरवलं ते उंडीच्या झाडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी. धोतर, उघडं अंग, शेजारी पिशवी. आम्हाला पाहून म्हणाले, "हेच का नवरदेव? बसा. मीही वाऱ्याचीच वाट पाहतोय." हळद लागलेला नवरदेव म्हणून आनंदाच्या हातात अडकित्ता होता. काकांनी तो सुपारी कातरायला मागून घेतला आणि स्वतःजवळच ठेवला. आबांना तो अपशकुन वाटला.

"आवं काका, उद्या सकाळी मुहूर्त हाय आमचा!"

"असू दे की," काका सुपारी चघळत म्हणाले. "मुहूर्त कुठं जातोय?"

आबांनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

*

सकाळी मुहूर्ताची वेळ आली आणि गेली. वाऱ्याचा पत्ता नव्हता. मामांनी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी त्यांना तेव्हाच आठवल्या. नवरा वेळेवर आला नाही म्हणून मांडवातल्याच दुसऱ्या पोराला कसं उभं केलं, ते त्यांनी नावागावासकट सांगितलं. आनंदाला ती मुलगी मनापासून आवडली होती. बिचारा वाळूत बसून राहिला, घास घेईना. आबांनी तोंडावर उपरणं घेतलं. ते रडत होते.

*

दुपारी वारा आला. तांडेल जांभई देत उठला. आम्ही पडत-झडत मचव्यात चढलो, तर मागून काका पिशवी घेऊन सावकाश येताहेत. आबांचा तोल सुटला.

"आवं, बिगीबिगी या की! आमचं लगीन बुडालं, आन् तुमी कुठं निघालाय फिरायला?"

"लग्नालाच," काका बसायला जागा करत म्हणाले. "तुमच्याच. लावायचं मलाच आहे."



"मग काल का सांगितलं न्हाई?" आबांनी विचारलं.

काकांनी आनंदाचा अडकित्ता पुसून त्याच्या हातात दिला.

"सांगत तर होतो कालपासून. त्या गावात दुसरा भटजी नाही. मला सोडून मुहूर्त जाईल कुठं?"