हुबळीच्या केसपेपरवरचा जिना

“कॅल्केनियम फ्रॅक्चर,” विश्रांतवाडीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं. कॅल्केनियम म्हणजे टाचेचं हाड. माझ्या उजव्या टाचेचे तीन तुकडे झाले होते. मग त्यांनी हुबळीच्या दवाखान्यातला केसपेपर वाचला. “लॉजच्या जिन्यावरून घसरून एवढं फुटलं?”

मी मान डोलावली. ते खोटं होतं.

मी पॅकिंगची मशिनं दुरुस्त करतो. कंपनी खराडीत, कामं तीन राज्यांत. हुबळीच्या एका कारखान्यात मशिन खोलताना शिडी सरकली आणि मी वरून खाली आलो. आमच्या कामातली रीत अशी, की गिऱ्हाइकाचं नाव कुठल्याही कटकटीत येऊ द्यायचं नाही. त्यात शिडी धरणारा तिथला ऑपरेटर बसवराज रडकुंडीला आलेला. म्हणून मी दवाखान्यात लॉजचा जिना सांगून मोकळा झालो. स्वतःला फार शहाणा समजत होतो.

ऑपरेशन करून प्लेट बसवली. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. पुन्हा शिडी चढता येईल का, यावर डॉक्टर म्हणाले, “बघू.”

आठवड्याने कंपनीचा फोन आला. अपघात कामावरचा नाही, त्यामुळे भरपाई नाही. मागायचीच तर कर्नाटकात जाऊन मागा.

“गिऱ्हाईक खूश आहे ना? मग झालं,” बायको म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

तिनेच वकीलबाई शोधल्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही इथे राहता, तर दावा पुण्यातही लावता येतो. अडचण राज्याची नाही, तुमच्या जिन्याची आहे.”

मग डॉक्टरांना खरं सांगितलं. “टाच अशी उंचावरून पडल्यावरच फुटते,” ते म्हणाले. “मी वाटच बघत होतो.” त्यांनी तसं लिहून दिलं. परराज्यात कामाला जाणाऱ्यांनो, पहिल्या केसपेपरवरच खरं सांगा. तो कागद तुमच्या आधी घरी पोचतो.

बसवराजला फोन करायला मात्र धीर होत नव्हता. मोडक्या हिंदीत कसंबसं विचारलं, त्या दिवसाचा काही पुरावा आहे का. त्याने पाळीच्या वहीतल्या पानाचा फोटो पाठवला. मी दवाखान्यात जिना सांगत होतो, त्याच दुपारी त्याने ते लिहिलं होतं. मला कन्नड येत नाही. मशिनचा नंबर आणि त्याची सही तेवढी कळली.

दावा मंजूर झाला. शिडी अजून जमत नाही, पण काठीशिवाय चालतो.

वकीलबाईंनी त्या पानाचं भाषांतर करून घेतलं होतं. दोनच ओळी होत्या. ‘शिडी मी धरली होती. ती माझ्या हातून सुटली.’