शंकाखोराची जागा

उत्तर ऐकलं की सर चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, "कशावरून?" उत्तर बरोबर असलं तरी. रावेरच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. स्टाफरूममध्ये मी "चहा गार झालाय" म्हटलं, तरी तेच. शेवटी मी चहाबद्दल बोलणं सोडलं.

त्यांच्या वर्गात चार-चार मुलांचे गट असत. एक वाचणार, एक करून बघणार, एक लिहिणार आणि चौथा शंकाखोर. या चौथ्या जागेसाठी मारामाऱ्या होत. सर नुसत्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या द्यायचे. शंकाखोराचं समाधान झालं, तरच पुढची चिठ्ठी.

एका केळी-बागायतदार पालकाने मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, "सरले काही येत नाही, ते पोऱ्हायलेच इचारता." तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असं ठरलं. शेरा वाईट आला तर सातवीचा वर्ग सरांकडून जाणार होता.

साहेब आले त्या दिवशी प्रश्न होता, केळी लवकर कशाने पिकतात? चार दिवसांपूर्वी प्रत्येक गटाने एक कच्चं केळं खिडकीत उन्हात ठेवलं होतं, एक बंद खोक्यात, आणि एक दुसऱ्या बंद खोक्यात पिकलेल्या केळ्याच्या शेजारी. नेमका एका गटातला शंकाखोर मामाच्या लग्नाला नशिराबादला गेलेला. सरांनी त्याच्या जागी साहेबांना बसवलं. मुख्याध्यापक मागून नको-नको खुणावत राहिले.

साहेब चिठ्ठी वाचून म्हणाले, "सोपं आहे. उष्णतेने."

"कशावरून, साहेब?" लिहिणाऱ्या मुलीने मान वर न करता विचारलं. "आणि तुम्ही शंकाखोर आहात. उत्तर नाही सांगायचं तुम्ही."

तिने खिडकीतलं केळं त्यांच्या हातात दिलं. हिरवंगार. खोक्यातलं एकटं केळंही दाखवलं, तेही हिरवंच. मग पिकल्या केळ्याच्या शेजारचं दिलं. पिवळं.

साहेबांनी दोन्ही हातांतली केळी उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "खोका मधे कोणी उघडला नव्हता ना?" पुढचा अर्धा तास त्यांनी इतक्या शंका काढल्या, की गटाला दुसरी चिठ्ठी मिळालीच नाही.

शेरा दोन वाक्यांचा आला. "शिक्षक शिकवत नाहीत. मुले शिकतात." ही स्तुती की ठपका, हे मुख्याध्यापकांना दोन दिवस ठरवता येईना आणि साहेबांना विचारायची हिंमत होईना. शेवटी त्यांनी पालकांना पहिलं वाक्य दाखवलं, सरांना दुसरं. वर्ग सरांकडेच राहिला.

आता सर निवृत्त होऊन धुळ्याला असतात. परवा स्टाफरूममध्ये बऱ्याच वर्षांनी मी म्हटलं, "चहा गार झालाय." सगळ्यांनी लगेच माना डोलावल्या.

घोट घेतला, तर जीभ पोळली.